पहिल्या निवडीचे मोल

अमेरिकेतील व्यावसायिक खेळांत नवोदित खेळाडू संघांकडे येतात ते मुख्यतः ‘ड्राफ्ट’ या पद्धतीने. दरवर्षी सर्व संघ क्रमाने एकेक तरुण निवडतात. मागील हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याला अग्रक्रम द्यावा, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. धनवान संघांनीच सारे गुणवंत पळवू नयेत, म्हणून फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी ते अमेरिकन फुटबॉलसाठी मांडले आणि १९३६ मध्ये ते अमलात आले. बास्केटबॉलने १९४७ मध्ये, आइस हॉकीने १९६३ मध्ये व बेसबॉलने १९६५ मध्ये त्याचा अंगीकार केला.

तथापि पहिला क्रमांक सर्व खेळांत सारख्याच मोलाचा नसतो. मैदानावर खेळाडू किती, आणि निवडीच्या वेळी त्यांचा गुण कितपत पारखता येतो, या दोन गोष्टींवर ते मोल ठरते.

बास्केटबॉलमध्ये एका वेळी संघाचे पाचच खेळाडू खेळतात. त्यामुळे एकटा असामान्य खेळाडू संघाचे भाग्य पालटू शकतो. ८२ पैकी केवळ १७ सामने जिंकलेल्या क्लीव्हलँडने २००३ मध्ये लेब्रॉन जेम्सला प्रथम निवडले. पुढील हंगामात त्या संघाने ३५ सामने जिंकले. फुटबॉलमध्ये अकरा जण उतरतात, शिवाय चढाईचे व बचावाचे खेळाडू निराळे. साहजिकच एकेकाचा वाटा लहान. तेथे क्वार्टरबॅक हाच काय तो अपवाद. पण २००० साली १९९ वा निवडला गेलेला टॉम ब्रेडी सात अजिंक्यपदांचा मानकरी ठरला! बेसबॉलमध्ये तर निवडलेल्या तरुणाला बहुधा कनिष्ठ संघांत वर्षानुवर्षे घासून घ्यावे लागते, म्हणून भाकीत अधिकच कठीण. १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत निवडलेला माइक पियाझा २०१६ मध्ये त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसला. हॉकीतील उमेदवार बहुतांशी अठरा वर्षांच्या आसपासचे. त्यांची पारखही अशीच अवघड.

बेसबॉल सोडल्यास या क्रमांकांची संघांत सर्रास देवघेव होते. १९९० नंतरच्या दशकात डॅलसच्या फुटबॉल संघाने त्यासाठी कोष्टकच केले : पहिल्या क्रमांकाला ३,००० गुण, सोळाव्याला १,०००. परंतु मॅसी व थेलर या अभ्यासकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, संघ अग्रक्रमासाठी प्रमाणाबाहेर किंमत मोजतात. आपली पारख अचूक आहे, हा अतिविश्वास त्यांना महागात पडतो.

दुर्बलाला दिलेल्या सवलतीचा मोहही पडतो. संघ मुद्दाम हरतात, असा संशय बळावल्याने बास्केटबॉलने १९८५ पासून अग्रक्रमासाठी सोडत सुरू केली. आणि ज्याची निवड होते त्या तरुणाला मालक निवडण्याची मुभा नसते, हेही विसरता येत नाही. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ वा निवडला गेला. त्या बास्केटबॉल संघटनेने निवडलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. परंतु तिच्या साखळीतील एकाही सामन्यात त्याला उतरता आले नाही. क्रमांक म्हणजे संधीचे दार. आत काय वाढून ठेवले आहे, हे त्यावर लिहिलेले नसते.