तेराचे नऊ आणि सर्व्हरची रॅम

३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान दाखवले ५६ अंश सेल्सिअस. नवतपाला सरावलेल्या नागपूरकरांनाही हा आकडा पचला नाही. हवामान खात्याने तपासल्यावर संवेदकातला बिघाड उघड झाला. चूक एवढी मोठी होती की लपूच शकली नाही.

संगणकाच्या मेमरीतली चूक अशी डोळ्यात भरत नाही. १३ हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत ११०१ असा लिहिला जातो. त्यातल्या डावीकडून दुसऱ्या एकाचा शून्य झाला की उरते १००१, म्हणजे ९. हा आकडा पॅथॉलॉजी लॅबच्या सर्व्हरवरच्या हिमोग्लोबिनचा असेल, तर धडधाकट माणूस कागदावर रक्तक्षयाचा रुग्ण ठरतो. ९ हा आकडा शक्यतेतलाच असल्याने कुणाला शंकाही येत नाही.

छोटी रुग्णालये, लॅब, शाळा, पतसंस्था यांच्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचे सर्व्हर चालताना दिसतात. प्रोसेसर ठीक असतो, पण सॉफ्टवेअर फुगत जाते आणि रॅम अपुरी पडते. मग संगणक जागा नसलेली माहिती हार्ड डिस्कवर ठेवू लागतो. रॅममधून माहिती मिळायला सेकंदाचा साधारण एक कोट्यंश भाग लागतो, फिरत्या डिस्कवरून सुमारे एक शतांश. फरक लाखपटीचा. नवा सर्व्हर घेण्यापेक्षा रॅम वाढवणे पुष्कळ स्वस्त, आणि अनेकदा तेवढे पुरतेही.

‘घरच्या कॉम्प्युटरची रॅम चालेल का?’ हा पहिला प्रश्न असतो. पंचाईत अशी की ती बसते. डीडीआर-४ प्रकारात घरगुती आणि सर्व्हरच्या रॅमला सारख्याच २८८ पिना असतात, खाचही एकाच जागी. मोठ्या सर्व्हरमध्ये ‘रजिस्टर्ड’ रॅमशेजारी साधी लावली तर यंत्र सुरूच होत नाही, त्यामुळे निदान चूक कळते. काही लहान सर्व्हर मात्र साधी रॅम मुकाट्याने चालवून घेतात. खरा धोका तिथे आहे.

कारण सर्व्हरच्या रॅममध्ये दर ६४ बिटांमागे ८ बिट जादा असतात, ते केवळ पडताळणीसाठी. एक बिट चुकला तर जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान इशारा मिळतो. या ‘ईसीसी’ सोयीचे मूळ बेल लॅब्जमधील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या गणितात आहे. सुटीच्या दिवशी लावून ठेवलेली गणिते यंत्र चूक सापडताच अर्धवट सोडून देई, याला ते वैतागले होते. ही सोय चैनीची नाही. गुगलच्या सर्व्हरवर झालेल्या अभ्यासात (२००९) वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या. बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त मिळाली. ही संख्या नेमका दोनाचा बारावा घात आहे. एक बिट उलटल्याचाच निष्कर्ष निघाला.

नागपुरात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विद्युतभाराची गळकी घागर. ती दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावी लागते. चिप ८५ अंशांपुढे तापली की गळती वाढते आणि दुप्पट वेळा भरावे लागते. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी शिफारस आहे. मे महिन्यात बंद खोलीत, रात्री एसी बंद करून, हे कसे साधणार? कूलर हा त्यावर उपाय नव्हे. त्याची दमट हवा आणि तुषार थेट यंत्रावर गेले तर गंज चढतो.

दुसरी गोष्ट कोरड्या हवेची. उन्हाळ्यात दाराच्या कडीला हात लावताच चटका बसतो, ती स्थिर वीज. माणसाला ती जाणवते साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे. चिप बिघडायला त्याहून कितीतरी कमी पुरते. म्हणून रॅम हाताळताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा हवाच. दोन प्रोसेसर असतील तर रॅम दोन्हीकडे सारखी वाटायची. कोणत्या स्लॉटपासून सुरुवात करायची त्याचा तक्ता बहुधा झाकणाच्या आतच चिकटवलेला असतो. नंतर मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवायचा आणि पुढे महिनाभर सर्व्हरची नोंदवही पाहत राहायची. एकाच स्लॉटवर ‘दुरुस्त केलेल्या चुका’ वाढत गेल्या, तर यंत्र सुरळीत चालत असले तरी ती पट्टी बदलायची.