फोन आधी ठेवा

फोनवर फसतात ते अडाणी, असे निदान म्हसवडमध्ये तरी कुणी म्हणू नये. सभासद बायका निरक्षर म्हणून इथल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. त्या लिहायला शिकल्या, व्याजाचा हिशेब तर तोंडी करत, आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. उलट शिकलेली, निवृत्त, अधिकारपदावर राहिलेली माणसेही फोनवर लाखो रुपये घालवून बसतात.

कारण भामटा अक्कल तपासत नाही, भीती घालतो. ‘तुमच्या नावाचे पार्सल पकडलंय’ ऐकताच अॅड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, रक्तदाब चढतो आणि शांतपणे पडताळून पाहण्याची ताकद तेवढ्यापुरती मंदावते. म्हणूनच तो फोन ठेवू देत नाही, घरच्यांना सांगू नका म्हणतो. ‘डिजिटल अटक’ कायद्यात नाहीच. फोन सरळ ठेवावा. धडधड बसली, की मुलांना किंवा शेजाऱ्यांना विचारावे.

जाहिरातींचे फोन निराळे. १९०९ वर नोंद केली की बरेच कमी होतात. म्हाताऱ्या माणसाची दुपारची झोप तेवढी वाचते.

पैसे गेलेच तर लगेच १९३० लावावा. लवकर कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. पण तो वेळ बहुधा लाजेत जातो. झोप उडते, जेवण तुटते, मधुमेहाच्या गोळ्या चुकतात आणि घरात कुणाला कारण कळत नाही. ‘तुम्हाला एवढंही कळलं नाही का?’ हा प्रश्न घरच्यांनी गिळावा. मन सावरत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य बोलता येते.