दूरच्या दीर्घिका आणि रेडिओ वर्णपटाचा उतार

रेडिओ दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराजवळून झोत सुटतात. त्यांतले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने भिरभिरतात आणि रेडिओ लहरी सोडतात. वारंवारता वाढते तशी या लहरींची तीव्रता घटते. सर्वसाधारण रेडिओ दीर्घिका १४०० मेगाहर्ट्झपेक्षा १५० मेगाहर्ट्झला सुमारे पाचपट प्रखर दिसते. काही मोजक्या मात्र अठरापट किंवा त्याहून अधिक. अशांचा वर्णपट तीव्र उताराचा मानला जातो.

१९७९ मध्ये टीलेन्स, मायली आणि विलिस यांना आढळले की, उतार जितका तीव्र, तितकी त्या जागी प्रकाशीय दुर्बिणीतून दीर्घिका दिसण्याची शक्यता कमी. म्हणजे असे स्रोत बहुधा फार दूरचे. असे का, यावर अजून एकमत नाही. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या स्रोताच्या उच्च वारंवारतेच्या लहरी आपल्यापर्यंत कमी वारंवारतेच्या होऊन पोहोचतात, आणि पुष्कळ वर्णपट उच्च वारंवारतेकडे अधिक उतरते असतात, हे एक स्पष्टीकरण. पण तपासलेल्या कित्येक स्रोतांचे वर्णपट सरळ रेषेत निघाले, त्यामुळे ते अपुरे ठरते. प्राचीन विश्वात सर्वत्र पसरलेले पार्श्वप्रारण अधिक प्रखर होते आणि इलेक्ट्रॉनांची ऊर्जा त्यात लवकर खर्ची पडे, हे दुसरे.

कारण वादात असले तरी पद्धत उपयोगी पडली. टेक्सास सर्वेक्षण (३६५ मेगाहर्ट्झ) आणि एनव्हीएसएस (१४०० मेगाहर्ट्झ) यांची तुलना करून निवडलेली ‘टीएन जे०९२४-२२०१’ ही दीर्घिका १९९९ मध्ये ५.१९ ताम्रसृतीची ठरली (ताम्रसृती म्हणजे प्रसरणामुळे लहरी किती ताणल्या गेल्या याचे माप; ती जितकी जास्त, तितके अंतर जास्त). तिचा प्रकाश सुमारे साडेबारा अब्ज वर्षे प्रवास करून आलेला आहे. नावातला ‘टीएन’ या दोन सर्वेक्षणांचाच.

उतार केवळ संशय निर्माण करतो. अंतर ठरते ते मोठ्या दुर्बिणीने घेतलेल्या प्रकाशीय किंवा अवरक्त वर्णपटातील रेषांवरून. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झला सुमारे नव्वद टक्के आकाश पालथे घातले. त्या टीजीएसएस सर्वेक्षणातून निवडलेल्या ‘टीजीएसएस जे१५३०+१०४९’ची ताम्रसृती २०१८ मध्ये ५.७२ जाहीर झाली, पण ती एकाच रेषेवर बेतलेली होती. रेषा कोणत्या मूलद्रव्याची हे चुकले, की सारे अंतरच बदलते. म्हणून अशा आकड्याला दुसऱ्या रेषेचा दुजोरा मिळेपर्यंत तो हातचा राखूनच स्वीकारावा.

या चाळणीची मर्यादाही आहे. सौम्य उताराच्या दूरस्थ दीर्घिका तिच्यातून निसटतात, त्यामुळे तिने मिळालेल्या यादीवरून त्या काळात एकूण किती रेडिओ दीर्घिका होत्या, हे ठरवता येत नाही.