चिमटीतला भोवरा

भोवरा म्हटलं की आपल्यापुढे लाकडी भोवरा येतो. खाली लोखंडी आर, अंगाला गुंडाळलेली जाळी. सावंतवाडीचे रंगीत भोवरे तर घरोघरी पोचले आहेत. मी जमवतो ते भोवरे मात्र धातूचे. पितळ, तांबं, स्टील. सुपारीएवढे, फार तर लिंबाएवढे. त्यांना जाळी लागत नाही. वरची बारीक दांडी चिमटीत धरून फिरवायची.

मी वाकडला राहतो. एका बाजूला हिंजवडीची संगणकनगरी, दुसऱ्या बाजूला चिंचवड-भोसरीची वर्कशॉपं. तिथले टर्नर मालकाला विचारून उरलेल्या सळईच्या तुकड्यातून मला भोवरा काढून देतात. "चाचा, आता याचं काय करणार?" असं हसून विचारतात. मी म्हणतो, घड्याळ लावणार.

कारण चांगला भोवरा ओळखायचा तो वेळेवरून. दाढीचा खोलगट आरसा उताणा ठेवा आणि त्यावर भोवरा फिरवा. तो घरंगळत मध्यावर येतो आणि जमलेला असेल तर पाच-सात मिनिटं सहज फिरतो. त्याला थांबवतात दोघंच : हवा आणि टोकाखालचं घर्षण. म्हणून टोकाला कठीण, गुळगुळीत गोळी बसवतात; बेअरिंगमधली किंवा सिरॅमिकची. वजन मध्यावर न ठेवता कडेला ठेवतात, कारण कडेचं वजन गती लवकर सोडत नाही. धातूलाही महत्त्व आहे. त्याच मापाचं पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट जड. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड.

पण खरी परीक्षा मध्य साधण्याची. दांडी, अंग आणि टोक एकाच रेषेत हवेत. त्यासाठी जॉब चकमधून न काढता, एकाच पकडीत सगळं कातावं लागतं. काढून पुन्हा बांधला की मध्य सरकतो. मिलिमीटरच्या काही शतांशांची चूक डोळ्यांना दिसत नाही. भोवरा मात्र थरथरून ती सांगतो.

जपानमधल्या लहान कारखान्यांनी हे ओळखलं. २०१२ साली योकोहामात त्यांनी भोवऱ्यांच्या झुंजी सुरू केल्या. भोवरा २० मिलिमीटर व्यासाच्या आतला. रिंगणाबाहेर गेला किंवा आधी थांबला, की हरला. आणि हरलेला भोवरा जिंकणाऱ्याच्या मालकीचा. मोठ्या कंपन्यांसाठी सुटे भाग करणाऱ्या कारागिरांना आपली कसब दाखवायला त्यामुळे जागा मिळाली.

आपल्याकडचा टर्नरही आयुष्यभर पिना आणि बुश कातत असतो. ते खोक्यात भरून जातात, कुठल्यातरी गाडीच्या पोटात बसतात. त्यातला एकही त्याला घरी नेऊन मुलांना दाखवता येत नाही. आता बरंचसं काम सीएनसी यंत्रावर होतं, आणि हातानं लेथ चालवणारे थोडे उरलेत. भोवरा ही त्या हातांनी केलेली, पुरी झालेली वस्तू आहे. तिला दुसऱ्या कशाचा भाग व्हायचं नाही.

तुम्हाला हा छंद लागला तर एक वही ठेवा. धातू, वजन, तारीख आणि किती मिनिटं फिरला ते लिहा. आणि सर्वांत आधी, भोवरा कोणी कातला त्याचं नाव लिहा. बाजारातून महागडा भोवरा आणता येईल. पण हे नाव पावतीवर मिळत नाही, ते विचारूनच घ्यावं लागतं.