गिअरबॉक्स गेला, की नुसता सेन्सर?

माझ्या मित्राची सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी अचानक गिअर टाकताना झटके द्यायला लागली. हायवेला एकसारख्या स्पीडलाही आरपीएम खाली येईना. गॅरेजमध्ये सांगितलं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." स्कॅनर लावला तर कोड पी०७१३ आणि गिअरबॉक्समधल्या ऑइलचं, म्हणजे एटीएफचं, तापमान उणे ४०. पुण्यात, मे महिन्यात!

आधी एक गोष्ट. मी टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांबद्दल बोलतोय. आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून घेतलेल्या बऱ्याच गाड्या एएमटी असतात. तो मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअरचं काम मशीन करतं. तिथे ही भानगड नसते.

तर हा सेन्सर म्हणजे साधा थर्मिस्टर. ऑइल तापलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. उदाहरणार्थ, जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई गिअरबॉक्समध्ये २० अंशांना साधारण साडेतीन हजार ओहम, तर १०० अंशांना १८०च्या आसपास. गाडीचा कॉम्प्युटर एका ठरावीक रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो आणि परत किती व्होल्टेज दिसतं त्यावरून तापमान काढतो. वायर तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात. कॉम्प्युटरच्या हिशोबात रेझिस्टन्स अफाट, म्हणजे ऑइल बर्फासारखं थंड. म्हणून आकडा स्केलच्या तळाला जातो, बहुतेक गाड्यांत उणे ४०. आमच्या कोडिंगच्या भाषेत हा नल आहे, तापमान नव्हे. ऑइल थंड आहे असं वाटलं की कॉम्प्युटर टॉर्क कन्व्हर्टर लॉक करत नाही. आरपीएम चढा राहतो तो त्यामुळे. उलट वायर शॉर्ट झाली तर व्होल्टेज शून्याकडे, कोड पी०७१२, आणि ऑइल उकळतंय असं चित्र.

पण कोड फक्त सर्किटबद्दल बोलतो. सेन्सर बदला असं तो म्हणत नाही, आणि गिअरबॉक्स उतरवा असं तर अजिबात नाही.

मग शोधायचं कसं? कोड आणि फ्रीझ फ्रेम आधी लिहून घ्या, लगेच क्लिअर करू नका. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी स्टार्ट न करता, नुसतं इग्निशन ऑन करून कूलंट, इनटेक हवा आणि एटीएफ ही तिन्ही तापमानं बघा. थोड्याफार फरकाने सारखी हवीत. दोन २६ आणि तिसरं ७० असेल तर समजा. (फुकटच्या ओबीडी ॲपमध्ये एटीएफचं तापमान बऱ्याचदा दिसतच नाही, त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर लागतो.) नंतर चालवून बघा. आकडा हळूहळू चढला पाहिजे. एका सेकंदात ६० वरून ११० आणि परत ६० झाला तर लूज कनेक्शन शोधा. एवढं ऑइल इतक्या पटकन तापत नाही हो.

आता खरी टेस्ट. इग्निशन बंद करून गिअरबॉक्सचा कनेक्टर काढा, परत ऑन करून आकडा बघा. आधी खूप गरम दाखवत होता आणि आता उणे ४०वर आला, तर बाहेरची वायरिंग ठीक, शॉर्ट आतल्या बाजूला. आधीपासूनच उणे ४० असेल तर वायरिंगच्या बाजूला सेन्सरच्या दोन पिना तारेने जोडा. आकडा एकदम वर उडाला तर वायर आणि कॉम्प्युटर दोन्ही शाबूत. पिना मात्र वायरिंग डायग्रॅम बघूनच, अंदाजाने नाही. त्याच कनेक्टरमध्ये सोलेनॉइडच्याही वायरी असतात, त्यामुळे दोन-चार नवे कोड येतील, ते शेवटी क्लिअर करायचे.

मित्राच्या गाडीत पिना जोडूनही आकडा हलला नाही. कनेक्टरपासून वीतभर अंतरावर वायर हिरवी पडून तुटली होती.

आणि सगळ्या टेस्ट पास होऊनही तापमान जास्तच दिसत असेल, ऑइलला जळका वास असेल, तर सेन्सर खरं बोलतोय. तेव्हा कूलर आणि ऑइलची लेव्हल बघा.

सेन्सरच गेला असेल तर तो बऱ्याच गाड्यांत आत, व्हॉल्व्ह बॉडीजवळ असतो. पॅन उतरवावा लागतो, तेही ऑइल निवल्यावर. त्याच खेपेला फिल्टर आणि गॅस्केट बदलून घ्या. एटीएफ कंपनीने सांगितलेलंच भरा आणि लेव्हल मॅन्युअलमधल्या तापमानालाच तपासा. ते तापमान आता नवा सेन्सर दाखवेल.