पिनकोडमधून निघालेली गाणी

अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरचा पिनकोड ४०००५९. पाकिटाच्या कोपऱ्यात लिहायचा हा आकडा गेल्या काही वर्षांत गाण्यांमध्ये येऊन बसला आहे. या वस्तीत वाढलेला विवियन फर्नांडिस, म्हणजे रॅपर डिव्हाइन, आपल्या भागाला नुसतं ‘५९’ म्हणतो, आणि २०२० मधल्या त्याच्या एका गाण्याचं नावच ‘३:५९ एएम’ आहे. कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे नेझी, स्वतःला ‘बॉम्बे ७०’चा म्हणवतो, कारण कुर्ल्याचा पिनकोड ४०००७०. धारावीच्या एमसी अल्ताफने तर ‘कोड मुंबई १७’ या नावाचं गाणंच केलं.

घराणं, गुरू, गाव या तीन गोष्टींवरून गायकाची ओळख विचारायची आपल्याकडची जुनी रीत. या मुलांनी उत्तरात पोस्टमनला कळेल असा पत्ता दिला. हा पत्ता त्यांच्या कलेचं मूळ खरंच सांगतो का, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

ज्या कलाप्रकारात ही मुलं रमली तो जन्मला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी जमैकातून आलेल्या एका कुटुंबातल्या मुलाने, डीजे कूल हर्कने, बहिणीसाठी इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. लोक सगळ्यात जास्त नाचतात ते गाणं थांबून नुसता ठेका वाजतो त्या तुकड्यावर, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा त्याने आलटून पालटून लांबवत नेला. त्या लांबलेल्या ठेक्यावर माइक घेऊन बोलणारा माणूस हळूहळू रॅपर झाला. म्हणजे आधी डीजे आला आणि शब्द त्याच्यामागून आले.

हे सगळं जे. बी. नगरपर्यंत पोचलं ते एका टी-शर्टवरून. विवियनच्या शाळेतला एक मित्र फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपरचं चित्र असलेला टी-शर्ट घालून आला. हा कोण, असं विचारल्यावर मित्राने गाण्यांची सीडी दिली. आई नोकरीसाठी परदेशात, मुलगा चाळीत आजीजवळ वाढणारा. जवळच आंतरराष्ट्रीय विमानतळ, त्याच्याभोवती पंचतारांकित हॉटेलं आणि त्यांना खेटून चाळी आणि झोपड्या. सुरुवातीला विवियन इंग्रजीत रॅप करायचा. ख्रिस्ती श्रद्धेची छाप त्या गाण्यांवर होती आणि ‘डिव्हाइन’ या नावातही ती राहिली आहे.

पण गल्लीतल्या पोरांना ते इंग्रजी कुठं कळणार? मग तो हिंदीत आला, आणि तीही पुस्तकातली हिंदी नव्हे, तर अंधेरीच्या नाक्यावरची, मराठी शब्द सहज मिसळून जाणारी मुंबईची बोली. २०१३ चं ‘ये मेरा बॉम्बे’ हे त्या वळणाचं गाणं. या सगळ्या कहाणीतला खरा कलाटणीचा क्षण हाच आहे. प्रेरणा सातासमुद्रापलीकडून आली होती, तिला मूळ फुटलं ते शेजाऱ्याला कळावं म्हणून भाषा बदलली तेव्हा.

नेझीचंही असंच. तेराव्या वर्षी त्याने शॉन पॉल या जमैकन गायकाचं गाजलेलं गाणं तोंडपाठ केलं. पुढे परदेशात नोकरी करणाऱ्या वडिलांनी त्याला आयपॅड दिला. त्यावर त्याने इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या ठेक्यावर ‘आफत’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि व्हिडिओही त्याच आयपॅडवर कुर्ल्यातच चित्रित केला. हे २०१४ चं. स्टुडिओचं भाडं नाही, वादकांचा ताफा नाही, कंपनीचा करार नाही. त्याच वर्षी दिशा रिंदानी यांचा त्याच्यावरचा ‘बॉम्बे ७०’ हा लघुपट मामि चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. एप्रिल २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझीचं ‘मेरे गली में’ आलं. झोया अख्तर यांनी या दोघांच्या आयुष्यातून सुचलेला ‘गली बॉय’ केला, तो १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला आणि पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. त्यानंतरचं यश सगळ्यांच्या माहितीचं आहे.

त्या चित्रपटाच्या झोतात एक गट थोडा कडेला राहिला, आणि मुळांच्या शोधात तो सगळ्यात खोल गेला असं निःसंकोच म्हणता येईल. हा गट म्हणजे ‘स्वदेसी’. एमसी मवाली मराठी आणि हिंदीत लिहिणारा, एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार गुजरातीत, १०० आरबीएच म्हणजे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडीत, आणि ठेके रचायला बामबॉय. प्रत्येकाने घरात जी भाषा बोलतो तीच माइकवर आणायची, हा या गटाचा आग्रह. मुंबईच्या लोकलच्या एका डब्यात ऐकू येतात तितक्या भाषा एका गाण्यात.

मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी आपल्या ‘ता धोम प्रोजेक्ट’मध्ये या मुलांना कोन्नकोल शिकवायला घेतलं. कोन्नकोल म्हणजे दक्षिणेकडच्या तालाचे बोल हाताने ताल देत तोंडाने म्हणण्याची विद्या, आपल्याकडे तबल्याची पढंत असते तशी. पाच, सात, नऊ मात्रांचे गट मोडायचे, जोडायचे आणि तरी समेवर अचूक यायचं. रॅपरची अडचणही नेमकी हीच असते. चार मात्रांच्या चौकटीत शब्द किती कोंबायचे आणि श्वास कुठे घ्यायचा? ज्या मुलांची सुरुवात अमेरिकन गाणी ऐकून झाली होती, ती आता तालाचे बोल पाठ करू लागली. ‘गली बॉय’मधलं ‘इंडिया ९१’ या तालमीतून आलं आहे. तिथे आकडा पिनकोडचा नाही, देशाच्या टेलिफोन कोडचा आहे.

यापुढचं पाऊल आरेच्या जंगलात पडलं. गोरेगावची आरे दूध वसाहत १९४९ मध्ये वसली, पण तिथले आदिवासी पाडे, सत्तावीस पाडे असं म्हणतात, त्याही आधीपासूनचे. स्वदेसीचे कलाकार तिथल्या केलटीपाड्यावर राहणाऱ्या प्रकाश भोईर यांच्याकडे गेले. भोईर हे कार्यकर्तेही आहेत आणि गाणारेही. २०१९ मधल्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात त्यांचा आवाज पाहुणा म्हणून तोंडी लावायला घेतलेला नाही, गाणं त्यांच्या आवाजावर उभं आहे. शीर्षक ऐकून मराठी वाचकाला गोदावरी परुळेकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १९४५ पासून तलासरी-डहाणू भागात वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिलेल्या वारल्यांच्या लढ्याची हकिकत त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवली आहे. त्याच २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर बहुतेक काम उरकलं होतं. गाण्याने झाडं वाचली नाहीत. पण विलेपार्ल्यात किंवा मुलुंडात बसलेल्या एखाद्या पोराला आपल्या शहरात वारली राहतात, गातात आणि भांडतात हे पहिल्यांदा कळलं ते या गाण्यातून.

मार्च २०२२ मध्ये तोडफोड गेला. वय अवघं चोवीस. गुजराती म्हणजे गरबा आणि व्यापार, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या मुंबईला त्याने त्या भाषेतला संताप ऐकवला होता. त्याच्यानंतर ती जागा भरून निघालेली नाही.

रॅपचा आणि शाहिरीचा संबंध जोडण्याची हल्ली पद्धत पडली आहे. तो जोडताना जपून बोलायला हवं. डिव्हाइनने अण्णाभाऊ साठे वाचून रॅप सुरू केलं नाही. पण दोन्ही कला मुंबईत एकाच प्रकारच्या वस्त्यांमध्ये रुजल्या, ही वस्तुस्थिती आहे. अण्णाभाऊ अनेक वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरमधल्या झोपडीत राहिले. ‘फकिरा’ लिहिणारा, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लालबावटा कलापथक उभं करणारा हा शाहीर आजूबाजूच्या गिरणी कामगारांना आणि हमालांना कळेल अशा बोलीत लिहीत होता.

घाटकोपरच्याच माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात दहा जण मारले गेले. मुलुंडच्या वस्तीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी त्यानंतर काही दिवसांतच आपल्या झोपडीत गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटात घोगरे गाताना दिसतात. त्यांच्या मृत्यूपासून सुरू झालेलं चित्रीकरण पटवर्धनांनी चौदा वर्षं चालवलं, त्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ झाला. आज उपनगरात रॅप करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा बघायला हवा. डफावर एकट्या माणसाने गल्लीचं दुःख सांगणं म्हणजे काय, ते त्यात आहे, आणि त्याची किंमत काय असू शकते तेही.

शब्दांचं असं, तर ठेक्याचं काय? उपनगरातल्या मुलाच्या कानावर पहिला ठेका पडतो तो रस्त्यावर. अंधेरी पश्चिमेला वेसावे कोळीवाडा आहे. ‘वेसावकर आणि मंडळी’ची कोळीगीतं कॅसेटच्या जमान्यात इथून निघाली आणि हळदीच्या मांडवापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत पसरली. वीरा देसाई रोडच्या आझाद नगरात अंधेरीचा राजा बसतो. परिसरातल्या कारखान्यांच्या कामगारांनी १९६६ मध्ये सुरू केलेला हा गणपती अनंत चतुर्दशीला विसर्जित होत नाही, संकष्टीला होतो, आणि मिरवणूक वेसाव्याच्या समुद्रापर्यंत जाते. अशा मिरवणुकांपुढे बेंजो पार्टी असते. बेंजो मूळ जपानी, तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणं बसवलेलं वाद्य. आपल्याकडे त्याला ढोलकी, ताशा, हलगी आणि पुढे ऑक्टोपॅडची जोड मिळाली. टेम्पोवर बसलेला बेंजोवाला एका गाण्यातून दुसऱ्यात, लावणीतून कोळीगीतात, तिथून हिंदी सिनेमात न थांबता शिरतो आणि नाचणाऱ्यांचे पाय बघून लय चढवतो.

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला नवरात्रातही तेच. मैदानावर गायिका फाल्गुनी पाठक उभ्या राहिल्या की हजारोंचं रिंगण फिरत राहतं. गाणं संपतं कुठे आणि दुसरं सुरू होतं कुठे, हे कळू न देणं हीच त्यांच्या वाद्यवृंदाची करामत. दोन गाण्यांची लय जुळवून सांधा बुजवणं, गर्दीचा दम ओळखून वेग राखणं, हे तर डीजेचं काम. कूल हर्कने ते दोन तबकड्यांवर केलं, बेंजो पार्टी टेम्पोवर करते. म्हणून उपनगरातल्या डीजेला परकी यंत्रं हाती आली तरी त्यांचं काम नवखं वाटलं नाही.

त्या ओळखीच्या ठेक्याचं आणि मराठीचं एकत्र येणं ठळकपणे दिसलं ते २०२४ मध्ये. क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे या डीजेने आणि श्रेयस सागवेकरने ‘तांबडी चामडी’ हे गाणं केलं आणि ते नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केलं. जगभरच्या क्लबमध्ये वाजणारं संगीत काढणारी ही कंपनी. हाउस संगीताचा सरळ, सलग चार मात्रांचा ठोका आणि त्यावर अस्सल मराठी शब्द. क्रेटेक्स त्याला ‘एम-हाउस’ म्हणतो. मराठी गाणं क्लबमध्ये वाजवायचं तर आधी त्याचं हिंदी करायला हवं, हा समज या गाण्याने मोडला, आणि ते फार बरं झालं.

अडचण उरते ती जागेची. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकांतल्या डीजे आणि डॉल्बीला सूट द्यायला नकार दिला. तो निर्णय योग्यच होता. भिंतीएवढ्या स्पीकरने म्हाताऱ्यांची छाती हादरवणं म्हणजे कला नव्हे. पण रस्त्यावर मनाई, क्लबचं प्रवेशशुल्क परवडत नाही आणि दहा बाय बाराच्या खोलीत आई झोपलेली, अशा वेळी चिरागनगरच्या किंवा मरोळच्या मुलाने माइक कुठे धरायचा? मुलुंडला महाकवी कालिदास नाट्यमंदिर आहे, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, विलेपार्ल्याला दीनानाथ. आठवड्यातली एखादी रिकामी दुपार कमी भाड्यात या मुलांना मिळाली, तर तिथल्या बंद भिंतींत आवाजाचा त्रास कुणाला होणार नाही, आणि नाटकाला येणाऱ्या मराठी प्रेक्षकालाही आपल्याच वॉर्डातला रॅपर आणि डीजे समोर बसून ऐकता येईल. महापालिकेने एका नाट्यगृहात, एका मोसमापुरतं तरी हे करून पाहावं.