वेल्डिंगच्या हेल्मेटची निवड

मृग नक्षत्र जवळ आलें, कीं गांवोगांवच्या पत्र्याच्या छपरांखालीं निळसर प्रकाश चमकूं लागतो. कोणाच्या कल्टिव्हेटरचा फण मोडलेला असतो, कोणाच्या ट्रॉलीच्या तळाचा पत्रा गंजून गेलेला असतो, कोणास पेरणीयंत्राच्या चौकटीला आधाराची पट्टी द्यावयाची असते. पूर्वीं हीं कामें लोहाराच्या भात्यावर होत. आतां एका हातानें उचलतां येणारें विजेचें वेल्डिंग यंत्र पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरींच आलें आहे. तें विकत घेतांना आपण त्याच्या अँपिअरची चौकशी करतों, रॉडचा भाव विचारतों. परंतु डोकीवर घालावयाचें हेल्मेट दुकानदार देईल तें घेऊन घरीं येतों. आम्हींही असेंच केलें होतें. त्याचें फळ काय मिळालें, तें प्रथम सांगतों.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या ट्रॉलीची चौकट दुरुस्तीस काढली. आमचा पुतण्या या कामांत चांगला तयार आहे. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्यानें जोड मारले व जेवून निजला. मध्यरात्रीनंतर तो उठून बसला. डोळ्यांत वाळूची मूठ टाकल्याप्रमाणें खुपत होतें, पाणी थांबेना, दिव्याकडे पाहवेना. "अरे, हेल्मेट घातलें होतेंस ना ?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां तो ओशाळून म्हणाला, "घातलें होतें काका, पण दुपारनंतर मान धरली. लांब जोड हेल्मेट घालून मारले; टाके मारतांना नुसते डोळे मिटून घेतले."

त्यांतच सारें आलें. रॉडची ठिणगी पेटल्यावर डोळा मिटतो, पेटण्यापूर्वीं नव्हे. आणि टाका क्षणाचा असला तरी दिवसांत असे शेंदोनशें क्षण होतात. त्या प्रकाशांतील अदृश्य जंबुपार किरणांनीं डोळ्याचा पुढचा पडदा भाजतो. भाजतांना कांहीं कळत नाहीं. कांहीं तासांनीं, बहुधा रात्रीं, वेदना सुरू होतात. अशा वेळीं बटाट्याची चकती बांधणें, डोळ्यांत दूध सोडणें इत्यादि उपाय आपल्याकडे चालतात, ते करूं नयेत. दुकानांतून डोळा बधिर करणारें औषध आणून तें वरचेवर घालणें तर त्याहून वाईट, कारण त्यानें जखम भरण्यास उलट विलंब लागतो. डॉक्टरांकडे जावें. पुतण्याचे डोळे दोन दिवसांत निवळले, पण जें हेल्मेट दुपारीं डोक्यावरून उतरतें, तें कितीही दणकट असलें तरी उपयोगाचें नाहीं, हें आम्हांस त्या रात्रीं कळलें.

मान कां धरते, याचा विचार करूं. हेल्मेटचें वजन सुमारें अर्धा किलो असतें. तेवढें ओझें पाटीनें डोकीवर घेतलें तर जाणवणारही नाहीं. परंतु हेल्मेटचा भार कपाळाच्या पुढें लोंबतो व मान मागील बाजूनें तो दिवसभर ओढून धरते. नांगराच्या इसाडावर पुढें बांधलेलें ओझें मागच्यापेक्षां जड कां लागतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. म्हणून दोन हेल्मेटें तोलतांना केवळ ग्रॅम पाहूं नयेत. डोकीवर घालून खालीं वांकावें, आणि कोणतें अधिक पुढें ओढतें तें पाहावें.

याहून मोठें कारण जुन्या कायम काळ्या काचेंत आहे. ठिणगी पेटेपर्यंत तिच्यांतून कांहींच दिसत नाहीं. म्हणून कारागीर झांकण वर करतो, रॉड जागेवर नेतो आणि मानेस हिसका देऊन झांकण खालीं पाडतो. एका टाक्यास एक हिसका. आपोआप काळी होणारी काच १९८१ सालीं स्वीडन देशांत प्रथम बाजारांत आली, तिनें हा त्रास वांचविला. ती एरवीं ३ वा ४ क्रमांकाइतकी फिकी असते, त्यामुळें रॉडचें टोंक स्पष्ट दिसतें. ठिणगी पेटतांच प्रकाश ओळखणारे तिचे डोळे जागे होतात आणि एका सेकंदाच्या हजारों भागांपैकीं एका भागांत ती काळी होते. अदृश्य किरण अडविणारी गाळणी तिच्यांत सदैव असतेच. दिवसभर टाके मारावयाचे असतील त्यानें अशीच काच घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. वर्षांतून चार जोड मारणाऱ्यास साधी काळी काच पुरेल.

काळेपणाचा क्रमांक विजेच्या प्रमाणांत असावा. आपल्या नेहमींच्या अडीच व सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडना, म्हणजे ६० ते १६० अँपिअरपर्यंत, १० क्रमांक बहुधा ठीक पडतो. १६० च्या वर १२ कडे जावें. फार काळी काच अधिक सुरक्षित, असा कित्येकांचा समज आहे. तसें केल्यास वितळलेला रस दिसेनासा होतो, कारागीर तोंड जवळ नेतो, आणि धूर थेट नाकांत जातो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपावर काम असेल तर तो धूर तापही आणतो.

डोकीवरच्या पट्ट्याकडे गिऱ्हाईक सर्वांत कमी लक्ष देतें, आणि खरें सुख तेथेंच आहे. मागील चक्र फिरवून पट्टा आवळतां यावा, टाळूवरचा पट्टा उंचसखल करतां यावा, काच डोळ्यांच्या जवळ वा दूर सरकवितां यावी. काच जवळ आली कीं दृष्टीचा टापू वाढतो व भारही कपाळाकडे येतो. कपाळावरची घामपट्टी सुटी निघणारी, धुतां येणारी असावी. वैशाखांत पत्र्याखालीं काम करणाऱ्यास याचें महत्त्व कळेल. आम्ही पट्ट्याखालीं सुती पंचा बांधतों. कृत्रिम धाग्याचें कापड घेऊं नये, तें ठिणगीनें वितळून कातडीस चिकटतें. दुकानांत एक मिनिट घालून समाधान मानूं नये. अर्धा तास तें डोकीवर ठेवावें, बसावें, वांकावें, बांकाखालीं मान वर करून पाहावें. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावा.

ट्रॉलीखालीं उताणें पडून काम करणाऱ्यानें आणखी एक गोष्ट पाहावी. काचेस प्रकाश ओळखणारे डोळे दोनच असले आणि मध्यें एखादा पाइप आला, तर ते झांकले जाऊन काच मध्येंच उजळते. चार असलेलें बरें. डब्यावर कधीं कधीं चार आंकडे तिरप्या रेघांनीं तोडून छापलेले असतात. त्यांत १ उत्तम व ३ कनिष्ठ. त्यांपैकीं चौथा आंकडा बाजूनें पाहतां काच किती सारखी दिसते, हें सांगतो, आणि आडव्यातिडव्या अंगानें काम करणाऱ्यास तोच महत्त्वाचा.

चाळिशी उलटलेल्या वाचकांस एक खाजगी सूचना. दुहेरी भिंगाचा चष्मा घालून हेल्मेटमध्यें पाहणारा मनुष्य खालच्या भिंगांतून दिसावें म्हणून मान मागें टाकतो, आणि मग मानदुखीचा दोष हेल्मेटला देतो. आम्ही दोन वर्षें हेंच केलें. काचेच्या आंत बसविण्याचें लहान वर्धक भिंग मिळतें. तें बसविण्यास खांच आहे ना, हें विकत घेतांना पाहावें. मोकळ्या उन्हांत पाठीकडून प्रकाश आंत शिरून काचेवर स्वतःचेंच तोंड दिसूं लागतें. त्यास मागें सुती पडदा टांचावा.

बाहेरची पातळ संरक्षक काच ठिणग्यांनीं खरबडते व दिसेनासें होतें. ती स्वस्त असते, पांचसहा आणून ठेवाव्या. बॅटरी बदलतां येणारी असावी. आणि दुसरें एक हेल्मेट, साधेंच कां होईना, घ्यावें. जो लोखंडाची पट्टी धरून समोर उभा राहतो, त्या गड्याच्या डोळ्यांसमोरही तीच ठिणगी पेटते, आणि तो बहुधा तोंड फिरवून उभा असतो. आमचें जुनें हेल्मेट घामपट्टी बदलून आतां त्याच्यासाठीं खुंटीस लावलें आहे.